माळावरचा तरवड अंगणात लावताना

श्रावण सरत आला की धाराशिव जिल्ह्यातल्या माळांवर तरवड फुलू लागतो. येडशीच्या रामलिंग घाटात, तुळजापूरच्या आसपास बालाघाटाच्या उतारांवर, नळदुर्गकडच्या बरड जमिनीत, शेताच्या बांधावर, सडकेच्या कडेच्या मुरमात, जिथे नांगर पोचत नाही आणि पाणी कोणी घालत नाही, अशा जागी ही कमरेपासून डोक्यापर्यंत उंचीची झुडपे पिवळ्याजर्द घोसांनी भरून जातात. नवरात्रात लोक माळावर जाऊन फुले खुडून आणतात, घटावर माळ बांधतात आणि पुढे वर्षभर या झुडपाकडे कोणी पाहत नाही. बागेसाठी पिवळ्या फुलांचे झुडूप हवे असले की आपण नर्सरीत जातो आणि टेकोमा, अलामांडा किंवा पिवळी कण्हेर घेऊन येतो. तरवडाचे नाव काढले तर उत्तर ठरलेले असते: "तरवड कुठे लावायचा असतो का? तो उगवतो."

उगवतो हे खरे. पण तो आपल्या अंगणात, हव्या त्या जागी, हव्या त्या आकारात आणि हव्या त्या दिवसांत फुललेला पाहायचा असेल, तर लावावाच लागतो. वर्षाला ६०० ते ८०० मिलिमीटर पाऊस, तोही मोजक्या दिवसांत, आणि मे महिन्यात चाळिशी ओलांडणारा पारा. अशा जिल्ह्यात तरवडाइतके कमी मागणारे फुलझाड मला तरी दुसरे माहीत नाही. त्याचे बी, त्याचे मूळ आणि त्याच्या छाटणीची वेळ एवढे समजले की बाकीचे काम तो स्वतः करतो.

आधी झुडूप नीट ओळखायला हवे, कारण पिवळ्या फुलांचे त्याचे भाऊबंद पुष्कळ आहेत. तरवड शेंगावर्गीय कुळातला, बहाव्याचा जवळचा नातलग. लिनियसने १७५३ साली त्याला कॅशिया ऑरिक्युलाटा असे नाव दिले. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला सेन्ना या गटात हलवले, म्हणून आजच्या पुस्तकांत तो सेन्ना ऑरिक्युलाटा या नावाने सापडतो. पान संयुक्त असते. एका दांडीवर आठ ते बारा जोड्या लहान पर्णिका असतात आणि टोकाला सुटी पर्णिका नसते. प्रत्येक जोडीच्या मधोमध दांडीवर एक बारीक उभी ग्रंथी दिसते. पानाच्या बुडाशी कानाच्या आकाराची दोन रुंद हिरवी उपपर्णे असतात आणि ती बराच काळ टिकतात. ओळखण्याची सगळ्यात पक्की खूण हीच. शेंग चपटी, पातळ, कागदासारखी, बोटभर लांब. आत बारा ते वीस बिया. पावसाळ्यात उकिरड्यावर, रस्त्याकडेला दाटणारा टाकळा, ज्याला आपल्याकडे तरोटा म्हणतात, तो याच गटातला. पण तो वर्षायू आहे, त्याच्या पानाला दोन-तीनच जोड्या पर्णिका असतात आणि शेंग बारीक दोरीसारखी लांब असते. कासिंद्याच्या पर्णिका टोकदार आणि मोठ्या. नर्सरीत नुसते 'कॅशिया' म्हणून जे मिळते तेही बहुतेक वेळा तरवड नसते. म्हणून उपपर्णे पाहिल्याशिवाय बी गोळा करू नये.

बाजारातल्या पिवळ्या झुडपांबद्दल थोडे बोलून पुढे जाऊ. टेकोमा, ज्याला आपण घंटीफूल म्हणतो, मूळचा अमेरिका खंडातला. तिकडे त्याला मोठा मान आहे. बहामा बेटांचे ते राष्ट्रीय फूल आहे. दिसायला सुंदर, वाढायला जोमदार, पण त्याच्या बियांना पातळ पंख असतात, त्या वाऱ्यावर दूर जातात आणि जातील तिथे रुजतात. दक्षिण आफ्रिकेत तर त्याला उपद्रवी तण ठरवले गेले आहे. पिवळी कण्हेर मेक्सिकोकडची. तिचे बी, चीक, पान सगळेच विषारी, हृदयावर परिणाम करणारे. लहान मुले असलेल्या अंगणात ती लावताना दहादा विचार करावा. अलामांडा आपल्या उन्हाळ्यात पाण्यावाचून तग धरत नाही. यांपैकी कोणतेच झाड उपटून टाका असे मी म्हणत नाही. पण ज्या गावात फेब्रुवारीपासून टँकरची वाट पाहावी लागते तिथे नवे झुडूप लावताना पहिला विचार माळावरच्या झुडपाचा व्हावा, असे मला मनापासून वाटते.

माळावर तरवड इतका का दिसतो, याचे एक कारण त्याच्या मुळात आहे आणि दुसरे जनावरांच्या तोंडात. रोप लहान असतानाच ते एक सरळ मूळ खाली सोडते आणि मुरमाच्या फटींतून ओल शोधत जाते. वरची वाढ सुरुवातीला मंद दिसते ती त्यामुळे. जनावरांचे म्हणाल तर हा जिल्हा उस्मानाबादी शेळीचा. काळी, काटक, बाभळीपासून बोरीपर्यंत मिळेल तो पाला ओरबाडणारी ही जात जिल्ह्याच्या जुन्या नावाने देशभर ओळखली जाते. ती शेळीसुद्धा हिरव्या तरवडाला सहसा तोंड लावत नाही. गाई-म्हशीही लावत नाहीत. चराईत बाकीची झुडपे संपत जातात आणि तरवड मागे उरतो. म्हणजे एखादा माळ आश्विनात पिवळाधमक दिसतो तेव्हा तो देखणा असतो खरा, पण तिथे बेसुमार चराई झाल्याचेही ते लक्षण असते. बागेच्या दृष्टीने मात्र हा गुण मोलाचा आहे. कुंपण नसलेल्या शाळेच्या आवारात, मंदिराच्या पटांगणात, स्मशानभूमीच्या कडेला, जिथे गावातली गुरे फिरतात, तिथे लावलेली बहुतेक रोपे महिन्याभरात खाल्ली जातात, तरवड टिकतो.

आता फुलाकडे येऊ, कारण ते एकदा जवळून पाहिले की हे झुडूप अंगणात असावे असे वाटण्याला निराळे कारण मिळते.

तरवडाचे फूल रुपयाच्या नाण्याहून बरेच मोठे, चार-पाच सेंटिमीटर रुंद. पाच पाकळ्या, प्रत्येकीची कडा थोडी चुरगळलेली, पिवळ्या रंगात नारिंगीकडे झुकणाऱ्या शिरा. मधोमध दहा पुंकेसर असतात, पण ते सारखे नसतात. वरचे तीन वांझ, नुसते नावापुरते. बाकीच्यांत काही आखूड, तर खालच्या बाजूचे काही लांब आणि बाकदार. लांब वाकडा स्त्रीकेसर एका बाजूला झुकलेला असतो. एकाच झुडपावर काही फुलांत तो डावीकडे वळतो, काहींत उजवीकडे. सकाळी दहा-वीस फुले तपासून पाहा, दोन्ही प्रकार सापडतील.

या मांडणीला अर्थ आहे. तरवडाच्या फुलात मध नसतो. कीटकाला तिथे मिळतो तो फक्त पराग, आणि तोही सहजासहजी नाही. बहुतेक फुलांचे परागकोश उभे फाटतात आणि पराग उघडा पडतो; तरवडाचे परागकोश फक्त टोकाशी बारीक छिद्राने उघडतात. आतला पराग बाहेर काढायचा तर तो हलवावा लागतो. हे काम करतात लाकूड पोखरणारे मोठे काळे भुंगे आणि काही जातींच्या एकट्या राहणाऱ्या माश्या. भुंगा फुलाला घट्ट धरतो, पंख न फडकवता उडण्याचे स्नायू जोरात थरथरवतो आणि त्या कंपनाने परागकोशातून पिवळी धूळ भस्सकन बाहेर पडते. जवळ उभे राहिले तर त्याचा आवाज ऐकू येतो: उडतानाची घूं घूं थांबते आणि एकदम वरच्या पट्टीतला, तुटक गुंजारव सुरू होतो. आपल्या मोहोळाच्या मधमाश्यांना ही कला साधत नाही. त्या तरवडावर आल्याच तर सांडलेला पराग गोळा करतात.

भुंगा आखूड पुंकेसरांना हलवून स्वतःचे पोट भरतो. त्याच वेळी लांब पुंकेसरांतला पराग त्याच्या अंगाच्या कडेला लागतो, जिथे त्याचे पाय सहज पोचत नाहीत. उजवीकडे वळलेल्या फुलात त्याच्या एका कुशीला, डावीकडे वळलेल्या फुलात दुसऱ्या कुशीला. पुढच्या विरुद्ध वळणाच्या फुलात स्त्रीकेसराचे टोक नेमके त्याच जागी टेकते. खाण्यासाठीचा पराग वेगळा आणि वंशासाठीचा वेगळा, अशी ही विभागणी आहे. रिव्का डुलबर्गर या संशोधिकेने १९८१ साली तरवड आणि त्याचा एक आफ्रिकी भाऊबंद यांच्या फुलांच्या रचनेवर शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात या डाव्या-उजव्या फुलांचा अभ्यास आहे. शाळेच्या आवारात हे झुडूप असेल तर परागीभवनाचा धडा फळ्यावर शिकवायची गरज उरणार नाही.

बागकामाच्या दृष्टीने यातून एक गोष्ट निघते. अंगणात तरवड फुलतो पण शेंगा धरत नाहीत, असे दिसले तर बहुधा भुंगे नाहीत. हे भुंगे वाळलेल्या लाकडात, जुन्या वाशांत, बांबूच्या नळ्यांत घर करतात. बागेच्या कोपऱ्यात वाळका ओंडका किंवा बांबूचे तुकडे राहू द्यावेत, आणि फुलांच्या दिवसांत कीटकनाशक फवारू नये.

आता लागवड. बी गोळा करण्याचे दिवस म्हणजे पौषापासून फाल्गुनापर्यंत. शेंगा तपकिरी होऊन वाजायला लागल्या की घ्यायच्या. एकाच झुडपाच्या शेंगा न घेता आठ-दहा झुडपांच्या थोड्या थोड्या घ्याव्यात, म्हणजे रोपांत विविधता राहते. अभयारण्याच्या हद्दीतून काही आणू नये. येडशीच्या जंगलाला तो नियम लागू आहे आणि बांधावर, पडीक रानात तरवड भरपूर मिळतो. ज्याचे रान त्याला विचारून घ्यावे. शेंगा चार दिवस उन्हात वाळवून काठीने हलक्या झोडपायच्या आणि सुपात पाखडायच्या. बारीक भोक पडलेल्या बिया काढून टाकायच्या. त्यांतला गर भुंगेऱ्याने खाल्लेला असतो. उरलेल्या पाण्यात टाकल्यावर ज्या तरंगतात त्याही टाकून द्याव्यात.

बहुतेकांची फसगत इथून पुढे होते. चांगले टपोरे बी कुंडीत पेरले जाते, रोज पाणी घातले जाते आणि महिना गेला तरी काही दिसत नाही. बी मेलेले नसते. त्याच्या कवचातून पाणी आत शिरतच नाही. माळावर हे कवच त्याला वाचवते. वळवाच्या एका सरीने सगळे बी उगवले असते आणि नंतरच्या उन्हात सगळेच करपले असते. कवच पक्के असल्याने काही बी या वर्षी उगवते, काही पुढच्या, काही त्याच्याही नंतर. उन्हातान्हात, दगडमातीत घासले जाऊन कवच हळूहळू झिजते तेव्हाच पाण्याला वाट मिळते. बागेत आपल्याला इतकी वाट पाहायची नसते, म्हणून ती झीज आपण हाताने करायची.

त्याचे दोन मार्ग घरच्या घरी जमतात. पहिला कढत पाण्याचा. बियांच्या दहापट पाणी उकळावे, भांडे खाली उतरवावे, चार-पाच मिनिटे थांबावे आणि मग बी त्यात टाकून रात्रभर तसेच ठेवावे. उकळत्या पाण्यात, चुलीवर असताना बी टाकू नये, ते शिजते. सकाळी काही बिया फुगून दुप्पट झालेल्या दिसतील, त्या पेरायच्या. न फुगलेल्यांना पुन्हा तसेच पाणी द्यायचे. दुसरा मार्ग थोड्याच बिया असतील तेव्हाचा: काचपेपरवर एक कड घासायची, वरचा रंग जाऊन आतला फिका भाग जरासा दिसला की थांबायचे. ज्या टोकाने बी शेंगेला चिकटलेले असते ते टोक सोडून दुसरी कड घासावी, कारण अंकुर त्या टोकाजवळ असतो. घासलेले बी साध्या पाण्यात रात्रभर भिजवले की फुगते. दोन्ही रीतींत फुगलेले बी त्याच दिवशी पेरले पाहिजे. वाळले तर गेले.

पेरणी मेच्या शेवटच्या आठवड्यात करावी. पिशवी रुंद नको, खोल हवी, किमान आठ-नऊ इंच, कारण मूळ सरळ खाली जाणार आहे. दोन भाग पोयटा, एक भाग वाळू, एक भाग चांगले कुजलेले शेणखत. एका पिशवीत दोन बिया, अर्ध्या बोटाच्या पेराएवढ्या खोल. आठवड्या-दोन आठवड्यांत अंकुर दिसतात. दोन्ही उगवल्या तर कमजोर रोप उपटू नये, कात्रीने मातीलगत कापावे, म्हणजे शेजारच्याचे मूळ हलत नाही. मूळ पिशवीच्या तळाला पोचून गोल फिरू लागण्याआधी रोप जमिनीत गेले पाहिजे. एकदा ते वेटोळे घेऊ लागले की पुढे झुडूप कायमचे कमकुवत राहते आणि वाऱ्याला कलते. माळावरचे मोठे झुडूप उपटून आणून लावायचा बेत म्हणूनच सोडून द्यावा; मूळ तुटते आणि ते जगत नाही. पिशवीच्या भानगडीत पडायचे नसेल तर मृगाच्या चांगल्या पावसानंतर फुगवलेले बी थेट जागेवर, एका ठिकाणी तीन-चार, असे टोकणे हा मला सगळ्यांत आवडणारा मार्ग. मूळ पहिल्या दिवसापासून आपल्या जागेवर असते.

जागा भरपूर उन्हाची हवी. सावलीत तरवड उंच, विरळ आणि फुलांवाचून वाढतो. जमीन मुरमाड असेल तर उत्तमच. दीड फूट खोल खड्डा, निघालेलाच मुरूम आणि दोन घमेली शेणखत एवढे बस्स. तेरणेच्या काठच्या किंवा कळंबकडच्या भारी काळ्या जमिनीत मात्र जपावे लागते. पावसाळ्यात तिथे पाणी साचते आणि मुळे कुजतात. अशा ठिकाणी दीड-दोन फूट उंचीचा उंचवटा करून त्यावर रोप लावावे. रांगेने कुंपण करायचे असेल तर दोन रोपांत तीन फूट, एकटे झुडूप घेरदार वाढवायचे तर चारी बाजूंनी पाच-सहा फूट मोकळे ठेवावे.

पहिल्या वर्षी पावसाने ओढ दिली तर आठवड्याला एक पाणी. पहिल्या उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांनी एकदा, पण खोलवर, म्हणजे मूळ ओलीच्या मागे खाली जाते. रोज तांब्याभर पाणी शिंपडले तर मुळे वरच राहतात आणि झुडूप तुमच्यावर अवलंबून राहायला शिकते. आळ्यात वाळलेला पालापाचोळा पसरून ठेवावा. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पाणी थांबवावे. खताचेही तेच. शेंगावर्गीय झाडे हवेतला नत्र मुळांच्या गाठींत साठवतात असे आपण शाळेत शिकलो, पण सगळीच नाही. तरवडाच्या गटातल्या झाडांच्या मुळांवर सहसा अशा गाठी होत नाहीत. तरीही त्याला युरिया देऊ नये. त्याने पाला माजतो आणि फुले घटतात. पावसाळ्याच्या तोंडाला टोपलीभर शेणखत पुरते.

छाटणी हा या सगळ्यातला कळीचा भाग. माळावरचा तरवड अस्ताव्यस्त दिसतो, खालून उघडा आणि वर झुबकेदार, आणि म्हणूनच लोकांना तो बागेतला वाटत नाही. पण कापणे त्याला चांगले मानवते. बुंध्यापासून कापला तरी नवे फुटवे येतात, याचा पुरावा जुन्या धंद्यातच आहे. तरवडाच्या सालीत कातडे कमावण्याचे द्रव्य, टॅनिन, भरपूर असते आणि दख्खनमध्ये, विशेषतः जुन्या मद्रास प्रांतात, कातडे कमावण्यासाठी तिचा मोठा वापर होता. साल काढण्यासाठी फांद्या वरचेवर तोडल्या जात आणि झुडूप पुन्हा फुटत असे. पुढे आफ्रिकेतल्या वॅटल झाडाचा अर्क आला, मग रासायनिक कमावणी आली, आणि सालीची मागणी ओसरली. फुटण्याची ताकद मात्र झुडपात तशीच आहे.

पहिला वर्षभराचा शेंडा गुडघ्याच्या उंचीवर कापावा, म्हणजे खालून चार-सहा फांद्या निघतात. त्यानंतर दरवर्षी एकदा, मुख्य बहर संपून शेंगा काढून झाल्यावर, सगळ्या फांद्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत मागे घ्याव्यात. वाळकी आणि आत वळलेली फांदी बुडापासून काढावी. दोन-तीन वर्षांत झुडूप छातीएवढ्या उंचीचे, जमिनीपासून भरलेले आणि गोल होते.

वेळेचे गणित नवरात्राशी जोडलेले आहे. तरवडाचे घोस नव्या फुटव्याच्या शेंड्याकडे, पानांच्या बगलेतून येतात. जून फांदीवर फूल धरत नाही. म्हणजे पावसाबरोबर फुटवा येतो, तो दोन-अडीच महिने वाढतो आणि त्याच्या टोकाशी कळ्या धरतात. श्रावणात किंवा भाद्रपदात बाग नीटनेटकी करायच्या ओघात कोणी कात्री चालवली की त्या वर्षीच्या कळ्याच जातात. कंत्राटाने सांभाळलेल्या बागांत हे हमखास होते. गणपतीआधी सगळी झुडपे एकसारखी कापली जातात आणि घटस्थापनेला हिरवा पाला तेवढा उरतो. जूननंतर तरवडाला कात्री लावायची नाही, एवढी एकच सूचना माळ्याला द्यावी.

नवरात्राची तारीख मात्र दरवर्षी सरकते. २०२५ साली घटस्थापना २२ सप्टेंबरला होती, तर अधिक मासामुळे २०२३ साली ती १५ ऑक्टोबरला आली होती. तीन आठवड्यांहून जास्त फरक. झुडपाला पंचांग कळत नाही, त्याला पाऊस कळतो. यावर सोपा उपाय असा की चार-पाच झुडपे असतील तर सगळी एकाच दिवशी छाटू नयेत. निम्मी फेब्रुवारीच्या शेवटी, निम्मी एप्रिलच्या शेवटी छाटावीत. बहर मागे-पुढे होतो आणि नवरात्र लवकर आले काय, उशिरा आले काय, कुठल्या ना कुठल्या झुडपावर फुले असतात.

फुलांची ही ओढ आपल्याकडे का आहे, ते तुळजापूरजवळ राहणाऱ्यांना सांगायला नको. भाद्रपद वद्य अष्टमीला तुळजाभवानीची मंचकी निद्रा सुरू होते आणि घटस्थापनेला मूर्ती पुन्हा सिंहासनावर येते. त्याच दिवशी घरोघर काळ्या मातीत धान्य पेरून घट बसतो आणि त्यावर रोज एक माळ चढते. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे अनेक घरांत त्या माळांत तरवड असतो, कारळ्याची फुले असतात. दोन्ही त्या ऋतूत रानात असतात आणि दोन्ही पिवळी. उमरग्याहून हैदराबादच्या रस्त्याने पुढे गेले की तेच झुडूप तंगेडू होते. तिथल्या बायका त्याच दिवसांत बतुकम्माच्या फुलांच्या राशीत ते रचतात, आणि तेलंगणाने त्याला राज्यफुलाचा मान दिला आहे. धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानातच होता. दोन्हीकडचे माळ सारखे आहेत. तिकडे ज्याला राज्यफूल म्हणून मान मिळाला, ते आपल्या नगरपालिकेच्या एखाद्या बागेत मुद्दाम लावलेले दिसावे, ही अपेक्षा मोठी नाही.

माळेसाठी फुले घेताना फांदी ओरबाडू नये. घोसाच्या खाली कात्रीने कापावे, तेही प्रत्येक फांदीवरचे सगळे घोस न घेता. पूर्ण उमललेले फूल लवकर मलूल होते, म्हणून माळेत उघडी फुले थोडी आणि उमलायच्या बेतातल्या कळ्या जास्त घ्याव्यात. घोसात खालची फुले आधी उमलतात, वरच्या कळ्या नंतर. त्यामुळे दोन्ही एकाच घोसावर मिळतात.

कीड म्हणावी अशी कीड तरवडाला फारशी नाही. कोवळ्या शेंड्यावर मावा आला तर पाण्याचा जोराचा फवारा मारावा. पानांच्या दांडीवरच्या ग्रंथींतून गोड द्रव पाझरतो, त्यासाठी मुंग्या येतात. त्यांना हाकलू नये, त्या बऱ्याच किडी दूर ठेवतात. पाने कुरतडणाऱ्या हिरव्या अळ्या दिसल्या तर फवारणीचा पंप बाहेर काढण्याआधी त्या कोणाच्या आहेत ते पाहावे. मॉटल्ड इमिग्रंट हे फिकट हिरवट-पांढरे फुलपाखरू आणि गवती पिवळ्या फुलपाखरांपैकी काही जाती तरवडाच्या गटातल्या झाडांवर अंडी घालतात. अळ्या आठ-पंधरा दिवस पाने खातात, मग कोषात जातात आणि झुडूप नवा पाला काढते. निरोगी झुडपाला त्याने काहीही होत नाही. फुलपाखरे हवीत म्हणून आपण बागेत परदेशी फुलझाडे लावतो, पण त्या फुलांवर ती फक्त जेवायला येतात. पिले वाढवायला त्यांना आपलीच झाडे लागतात.

औषधी म्हणून तरवडाची पाने, फुले, साल यांची बरीच ख्याती आहे. आयुर्वेदात त्याला आवर्तकी म्हणतात, आणि श्रीलंकेत त्याच्या पानांचा चहा 'मातारा चहा' या नावाने प्यायला जातो. पण अंगणात झुडूप आहे म्हणून वैद्याला न विचारता काढे करून पिऊ नयेत, विशेषतः मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी.

गच्चीवर बाग करणाऱ्यांसाठीही वाट आहे. निदान दीड फूट खोल ड्रम किंवा कुंडी, तळाला मोठी छिद्रे, निम्मी माती आणि निम्मा बारीक मुरूम. जमिनीतल्यापेक्षा पाणी जास्त लागेल, उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी एकदा, आणि झुडूप कमरेच्या वर जाणार नाही. फुले मात्र येतील.

उरलेल्या बियांचे काय, तर कवच पक्के असल्याने ते कोरड्या काचेच्या बरणीत काही वर्षे चांगले राहते. बरणीत कडुनिंबाची वाळलेली पाने टाकावीत आणि चिठ्ठीवर गोळा केल्याचे साल व गाव लिहावे. कढत पाण्याची रीत बी देतानाच समजावून सांगावी, नाहीतर घेणारा महिनाभर पाणी घालेल आणि कुंडी रिकामी करून ठेवेल. जूनमध्ये शाळा उघडण्याच्या सुमारास असे बी आणि दोन ओळींची सूचना घेऊन गावातल्या शिक्षकांकडे गेलात तर कुंपणालगतची एक रांग त्याच पावसाळ्यात टोकून होते, आणि मुरमाड आवार असेल तर खड्डे घेण्याचीही गरज पडत नाही. पहारीने वीतभर भोक करून त्यात माती-शेणखताची मूठ आणि चार फुगलेल्या बिया पुरतात.